पूर, पुरात आणि एकशे ब्याऐंशी चिठ्ठ्या

'आचार्यांनी पहाटे चारलाच भाताचे हंडे चुलीवर चढवले.' छापायला जायच्या आदल्या दिवशी माझ्या कादंबरीत हे वाक्य सापडलं. मी लिहिलं होतं 'आचाऱ्यांनी'. युनिकोडातला मजकूर डीटीपीवाल्याच्या, म्हणजे संगणकावर पानं लावून देणाऱ्याच्या, जुन्या फाँटात ओतला की 'ऱ्या' आणि 'र्या' यांचा घोळ होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे पूरग्रस्तांच्या शाळेतल्या मुदपाकखान्यात एकदम आचार्यच भात शिजवायला लागले, आणि पुढच्याच पानावर 'वार्यानं' पत्रे उडाले. दोनशे आठ पानांत असे एकशे सोळा आचार्य आणि वारे मी हातानं शोधले. तेव्हा कळलं की आपलं पुस्तक आपणच काढायचं म्हणजे नुसतं लिहिणं नव्हे.

मी एका पतसंस्थेत नोकरी करते. खतावणी, तेरीज, कर्जाचे हप्ते यात दिवस जातो. लिहिण्याशी माझा संबंध शाळेतल्या निबंधापुरता होता. पण माझ्या आजीचं घर पुण्यात नारायण पेठेत नदीच्या बाजूला होतं, आणि १२ जुलै १९६१ नंतर ते राहिलं नाही. पानशेतचं मातीचं धरण सकाळी फुटलं, ते पाणी खाली इंग्रजांच्या काळातल्या दगडी खडकवासल्यावर आलं आणि तेही फुटलं. आजी पोरांना घेऊन कुणाच्या तरी गच्चीवर गेली. पुढं काही वर्षं ते सगळे गोखलेनगरला निसेन हटमध्ये राहिले. अर्धगोल पत्र्याची ती घरं, उन्हाळ्यात तव्यासारखी तापायची. आजी गेल्यावर आत्याकडे एक पितळी डबा निघाला. त्याच्या झाकणाच्या कडेला आत वाळलेला चिखल होता. आजीनं तो कधी घासला नव्हता. इतर सगळी भांडी चिंच लावून लख्ख करणाऱ्या बाईनं हाच एक का ठेवला असेल, एवढ्या एका प्रश्नावर माझी चार वर्षं गेली.

लिहायची वेळ पहाटेची, पाच ते सव्वासहा. प्रेरणा वगैरे काही नाही. सव्वासहाला पिंपात पाणी भरायचं असतं आणि त्यानंतर कुकर. जेवणाच्या टेबलावर, फुलस्केप वहीत, निळ्या बॉलपेननं, एका दिवसाला एक पान. पान भरलं नाही तर तारीख टाकून ते रिकामं सोडायचं, हा नियम मी पतसंस्थेतून उचलला: किर्दीत दिवस गाळता येत नाही. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये घरीच असूनही सलग एकोणीस पानं रिकामी आहेत. लोक म्हणतात वेळ मिळाला की लिहू. मला वेळ मिळाला तेव्हा मी भांडी घासली आणि बातम्या बघितल्या. लिहिणं परत सुरू झालं ते नोकरी सुरू झाल्यावर.

दुसरी सवय लागली ती शनिवारची. पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली काढून बसायची. पहिल्या दिवशी मी मोठ्या बातम्या उतरवून घेतल्या. ११ जुलैच्या रात्री जवानांनी धरणावर वाळूची पोती रचली, धरणाचं काम तेव्हा पुरतं झालेलं नव्हतं, वगैरे. चार शनिवार असे गेल्यावर लक्षात आलं की हे तर सगळ्यांना माहीत आहे. मग छोट्या जाहिराती वाचायला लागले. कुठलं दुकान कधी उघडलं, कुणाचा क्लास कुठं हलला, कापडाचा भाव काय. माझी नायिका धरणाबद्दल एक वाक्यसुद्धा बोलत नाही. तिला काळजी आहे ती मुलीच्या शाळेच्या दाखल्याची, कारण तो भिजला. ग्रंथपाल बाई फाईल देताना दर वेळी म्हणायच्या, "पानं कोपऱ्याला धरून उलटा हं, मधे धरू नका." आजही वर्तमानपत्र मी कोपऱ्याला धरूनच उलटते.

हस्तलिखित २०२३ च्या दिवाळीनंतर पुरं झालं. तीन प्रकाशकांकडे पाठवलं. एकाचं उत्तरच आलं नाही. एकानं फार सभ्य भाषेत कळवलं की दोन वर्षांचं वेळापत्रक भरलं आहे. तिसऱ्यानं फोन करून विचारलं, "तीनशे प्रती तुम्ही घेणार ना?" आणि रक्कम सांगितली. रागवावंसं वाटलं, पण हिशेब करायची सवय आडवी आली. पैसे माझेच जाणार असतील तर कागद कुठला आणि अक्षर किती पॉइंटचं, हे तरी मी ठरवेन.

संपादक नव्हता, ही खरी अडचण. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधन केलेले, आता ऐंशीच्या घरात. त्यांच्याकडे प्रिंट घेऊन गेले. त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो, पुरावर कादंबरी लिहिलीत आणि 'पुरात' लिहिता येत नाही?" मी सगळीकडे 'पूरात' लिहिलं होतं. पूर दीर्घ, पण प्रत्यय लागला की पुराचा, पुरात, पुरानं. घरी येऊन मी हुशारी केली. संगणकाला सांगितलं, सगळे 'पूर' काढ आणि 'पुर' घाल. त्यानं इमानदारीनं घातले. 'पूर्ण'चं 'पुर्ण' झालं, 'भरपूर'चं 'भरपुर', आणि ज्या पुरावर पुस्तक होतं तोही 'पुर' झाला. परत काकांकडे. ते काही बोलले नाहीत, लाल पेनला नवी रिफिल घातली. पैसे घेतले नाहीत. दर बुधवारी बिनसाखरेचा चहा आणि पानागणिक एक टोमणा. शुद्धलेखनाच्या पुढं जाऊन त्यांनी एकच सूचना केली, आणि ती मी आजवर ऐकलेली सगळ्यात चांगली सूचना: "तुमची आजी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी खिडकीतून बाहेर बघते. तिला काही काम द्या." अकरा प्रकरणांपैकी सात ठिकाणी बघत होती. मी तिला गहू निवडायला बसवलं.

छपाईचं गणित मात्र मला जमलं. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये चालतं, म्हणून पानं सोळाच्या पटीत बसवायची. माझी होत होती दोनशे अकरा. तीन पानांसाठी चौदावा फॉर्म घ्यायचा की तीन पानं कापायची? कापली. एक मोठं वर्णन गेलं. कुणालाही त्याची उणीव भासलेली नाही. तेरा फॉर्म, डेमी आकार, ७० जीएसएम नॅचरल शेड, मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्ट कार्ड. मुद्रक म्हणाला, "मॅडम, तीनशेच काढायच्या तर डिजिटल करा, ऑफसेट हजाराच्या खाली परवडत नाही." प्रत १३२ रुपयांना पडली, म्हणजे छपाई ३९,६००. डीटीपी पानाला ४५ प्रमाणे ९,३६०. मुखपृष्ठाचे ५,०००. सगळं मिळून प्रतीमागे जवळजवळ १८० रुपये. किंमत ठेवली २८०. मग पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात चौकशीला गेले. विक्रेत्याचं कमिशन चाळीस टक्के, म्हणजे माझ्या हाती १६८. दुकानातून विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे मी वाचकाला बारा रुपये देते. किंमत आधी ठरवली आणि कमिशन नंतर विचारलं. एवढ्या अकलेवर पतसंस्थेत मी कर्जदारांचे अर्ज तपासते.

आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाला, पैसे लागत नाहीत, हे सांगून ठेवते, कारण मला दोघांनी ते 'काढून देतो' म्हणून पैसे सांगितले होते. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतःही करू शकतो. माझा एकदा परत आला, कारण मुखपृष्ठावर प्रकाशकाचं नाव नव्हतं. प्रकाशक मीच आहे हे मलाच अजून पटलेलं नव्हतं. दुसरं, १९५४ चा एक कायदा आहे: पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या तीन ग्रंथालयांना एकेक, प्रकाशकानं स्वखर्चानं पाठवायची. पोस्टात चार पाकिटं दिली तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "नातेवाईक का सगळीकडे?"

विक्रीचं काय सांगू. पहिल्या साठ प्रती ओळखीत गेल्या, त्यातल्या किती वाचल्या गेल्या ते मी विचारत नाही. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरला तेव्हा मी दोन संध्याकाळी नुसती उभी राहून लोक पुस्तक कसं उचलतात ते पाहिलं. आधी उलटं करतात. मागचा मजकूर नाही, किंमत बघतात. मग मधलंच कुठलं तरी पान उघडून चार ओळी वाचतात, आणि तिथंच काय ते ठरतं. पहिल्या पानावर मी सहा महिने घासले होते. ते पान त्या दोन संध्याकाळी माझ्यासमोर कुणी उघडलं नाही. दुसऱ्या पुस्तकाची वही सुरू आहे, त्यात मधली पानं मी जास्त जपून लिहिते.

पुस्तक येऊन तीन महिने झाले असतील. एक दिवस दुपारी बँकेच्या कामात असताना फोन आला. वयस्कर आवाज, सदाशिव पेठेतला स्वर. नमस्कार वगैरे नाही.

"पान एकशे त्रेचाळीस उघडा."

मी म्हटलं, पुस्तक आत्ता जवळ नाहीये.

"लेखिका तुम्हीच ना? मग पाठ असेल. 'दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं.' कुठून आलं?"

मी गप्प. ते शांतपणे समजावत गेले. शहराचं पाणी यायचं खडकवासल्यावरून. खडकवासला तुम्हीच आधीच्या प्रकरणात फोडलात. मग तेरा जुलैला नळाला पाणी तुम्ही आणलंत कुठून? ते तेव्हा बारा वर्षांचे होते. धाकट्या भावाबरोबर वाड्याच्या आडावरून कळशा भरभरून आणल्याचं त्यांना आठवत होतं, दोर हाताला कसा लागला तेही. "पुस्तक चांगलं आहे," शेवटी म्हणाले, "म्हणून फोन केला. वाईट असतं तर रद्दीत दिलं असतं."

त्या रात्री झोप आली नाही. शनिवारमागून शनिवार फायली वाचून हे कसं सुटलं? उत्तर साधं होतं. ते वाक्य मी पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी लिहिलेलं असणार, आमच्या नळाची वेळ झालेली असताना.

शिल्लक प्रती मोजल्या. एकशे ब्याऐंशी. वेगळं शुद्धिपत्र आत ठेवलं तर ते पडतं, म्हणून चिठ्ठी त्या ओळीवरच चिकटवायची ठरवली. नवं वाक्य जुन्याच्या लांबीचं हवं: 'दुसऱ्या दिवशी सकाळी आडाचं पाणी आणलं.' त्याच फाँटात, त्याच पॉइंटात, त्याच कागदावर छापून पट्ट्या कापल्या. डिंकानं कागद सुरकुततो, हे दोन प्रती वाया घालवून कळलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, खळ कर की." त्यांनीच मैद्याची खळ शिजवली. बाइंडरला फोन केला तर त्यानं सांगितलं, चिमूटभर मोरचूद टाका, नाहीतर कसर लागेल. दोन रविवार आम्ही दोघी जमिनीवर बसून तेच करत होतो. मी पान उघडून धरायचे, सासूबाई चिमट्यानं पट्टी ठेवून रुमालानं दाबायच्या. शंभराच्या पुढे गेल्यावर म्हणाल्या, "पुढच्या पुस्तकात पाणीच घालू नकोस."

दुरुस्त झालेली एक प्रत घेऊन मी त्या गृहस्थांच्या घरी गेले. त्यांनी बसा म्हटलं, पत्नीला चहा टाकायला सांगितला, मग कपाटातून भिंग काढलं. एकशे त्रेचाळीसावं पान उजेडाला धरून बराच वेळ बघितलं. नखानं पट्टीची कड तपासली.

"वाकडी लागलीय," ते म्हणाले, आणि जुनी प्रत मला परत देऊन नवी कपाटात ठेवली.