रब्बी बदलल्या तो शुक्रवार

व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठी चालणाऱ्या ज्यू मंडळीचा रब्बी, म्हणजे धर्मगुरू, बदलतो, तेव्हा बाहेरच्याला दिसतं ते एवढंच: तोराची, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाची, गुंडाळी जुन्या हातातून नव्या हातात जाते, भाषणं होतात, मग जेवण. मी अशाच एका ठिकाणी केस मॅनेजर आहे. कॅलिफोर्नियात; नाव-गाव सांगत नाही. एकाच आवारात निवासी उपचारकेंद्र आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ. शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला सध्याचे निवासी, बरे होऊन गेलेले, त्यांचे आईबाप आणि आसपासचे साधे सभासद एकाच बाकांवर बसतात. ज्या बाईंनी हे सगळं उभं केलं त्या रब्बी निवृत्त झाल्या, नवे रब्बी आले, तो शुक्रवार डोक्यातून जात नाही.

अशी वेगळी मंडळी लागतेच कशाला, हे आधी सांगायला हवं. ‘ज्यू माणूस दारुडा होत नाही’ ही समजूत अमेरिकेतल्या ज्यू घरांत फार जुनी. त्यातून रुग्ण लपवले गेले. दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना असलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा बहुतेक चर्चच्या तळघरात, शेवटी ख्रिस्ती प्रार्थना. पोरगा तिथून उठून घरी यायचा. डॉ. अब्राहम ट्वेर्स्की हे रब्बी आणि मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी १९७२ साली पिट्सबर्गजवळ गेटवे हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं आणि त्या संघटनेच्या बारा पायऱ्या, म्हणजे व्यसनातून बाहेर पडण्याचा तिचा क्रम, ज्यू धर्माशी जुळतात हे आयुष्यभर पटवून दिलं. लॉस एंजेलिसला हॅरिएट रोसेटो या सोशल वर्करनं १९८७ मध्ये ‘बेत तशुवा’ हे तसंच केंद्र काढलं. तिथेच तुरुंगातून सुटून आलेले मार्क बोरोविट्झ पुढे रब्बी झाले. आमची जागा त्या मानाने लहान, पण साचा तोच: उपचार आणि उपासना एका छपराखाली, आणि दोन्हीच्या मध्यभागी एक माणूस.

तो एक माणूस जातो तेव्हा काय काय सोपवायचं, याची फाइल करायचं काम माझ्याकडे आलं. बोर्डाने कित्येक बैठका निमंत्रणपत्रिकेवर घालवल्या. फाइलबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही.

सगळ्यात किचकट भाग न्यायालयीन पत्रांचा. आमचे बरेच निवासी तुरुंगाऐवजी इथे आलेले असतात. राहण्याची अट प्रोबेशनमध्ये, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याच्या आदेशात, असेल तर इथले दिवस शिक्षेतून वजा होऊ शकतात; कॅलिफोर्निया दंडसंहितेच्या २९००.५ कलमात ती सोय आहे. म्हणून पत्रातले दिवस हजेरीच्या रजिस्टरशी तंतोतंत जुळावे लागतात. एका रात्रीचा बाहेर राहण्याचा पास असेल तर ती रात्र वेगळी दाखवायची. लघवीच्या तपासण्या, गटातली हजेरी, पुढचा बेत; बस्स. ‘मुलगा फार गुणी आहे’ वगैरे लिहिलं की सरकारी वकील नेमकं तेच धरतो. शिवाय पत्र पाठवायला निवाशाची लेखी संमती लागते. व्यसनोपचाराच्या नोंदींना ४२ सीएफआर भाग २ हा संघराज्याचा कडक नियम आहे. माहिती कोणाला, कोणती, कशासाठी, कधीपर्यंत, हे संमतीत स्पष्ट हवं. एरवी ती केव्हाही मागे घेता येते. न्यायालयाकडून आलेल्या माणसाची संमती मात्र ठरावीक मुदतीपर्यंत मागे घेता येणार नाही, अशी लिहून घेता येते. हे माहीत नसलेले लोक सुनावणीच्या आदल्या दिवशी कपाळाला हात लावून बसतात.

बाईंची सही स्थानिक न्यायाधीश वर्षानुवर्षं ओळखत होते. नव्या रब्बींची सही त्यांच्या लेखी कोणाचीच नव्हती. म्हणून बदलाच्या आधीच दोघांच्या सह्यांची पत्रं पाठवायला सुरुवात केली. हे जमलं, आणि चांगलं जमलं. रब्बीने स्वतःच्या मर्जीने खर्चायच्या विवेकाधीन निधीचं तेवढं सरळ नव्हतं. बसचे पास, दातांची कामं, हरवलेल्या ओळखपत्रांची फी या खात्यातून जाते. बाईंची वही फक्त आद्याक्षरं आणि आकडे. हिशेबनिसाने ती पाहून डोळे मिटले. नवं खातं, दोन सह्या, पावत्या, विषय संपला.

त्या दिवशी माझा जीव खरा अडकला होता तो स्वयंपाकघरात. एरवी जेवण आमच्याच स्वयंपाकघरातून येतं, पण समारंभ म्हणून बोर्डाने बाहेरचा केटरर लावला. त्याला यादी दिली होती: वाइन नको, वाइनचा रस्सा नको, केकला व्हॅनिला अर्क नको. अमेरिकेत व्हॅनिला अर्क म्हणवून घ्यायला त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावंच लागतं. भाजल्यावर बरंचसं उडतं हे खरं, पण बाटली ओट्यावर राहते आणि आमच्याकडे ती पिऊन टाकणारा माणूस सापडतो. त्याने हे सगळं पाळलं, आणि शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक पवित्र दिवसाच्या, पावावर, खल्लावर, भरपूर खसखस पेरून आणली. अनारशाला लावतो तीच. खसखस खाल्ल्यावर लघवीत मॉर्फिन सापडू शकतं. याच कारणाने नोकरदारांच्या संघीय तपासणीची मर्यादा १९९८ मध्ये दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. प्रोबेशनच्या काही प्रयोगशाळा अजून ३०० च धरतात. मग सोमवारी तपासणी असलेल्या पोराने शुक्रवारी दोन तुकडे खाल्ले आणि काही निघालं, तर न्यायाधीशापुढे पावाची गोष्ट कोण सांगणार? सगळे खल्ला परत गाडीत गेले. कोपऱ्यावरच्या दुकानातून साधे आणले. एका पाहुण्याने नव्या रब्बींसाठी भेट म्हणून उंची वाइनची बाटली आणली होती. ती दारातच अडवली. देणगीदारांना आपण कुठे आलो आहोत हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं.

किद्दुश, म्हणजे शब्बाथचा पेल्यावरचा आशीर्वाद, आमच्याकडे द्राक्षाच्या रसावर होतो. आशीर्वाद तोच, ‘द्राक्षवेलीचं फळ’ निर्माण करणाऱ्याचा. धर्मशास्त्राची काही हरकत नाही. तरी नव्याने आलेले आईबाप कुजबुजतात की खरी वाइन नाही म्हणजे विधी अर्धा. मग मी आमच्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांचं सांगते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या सरबतावर किद्दुश होतो. कोणाचा शब्बाथ अर्धा राहिलेला ऐकला नाही.

प्रार्थना सुरू झाली. गुंडाळी दिली-घेतली. मग मृतांसाठीच्या कद्दीश प्रार्थनेआधी त्या आठवड्यात ज्यांची यार्टसाइट, म्हणजे मृत्यूची तिथी, येते त्यांची नावं वाचतात. तिथी हिब्रू पंचांगाने. मृत्यू सूर्यास्तानंतरचा असेल तर दुसरा दिवस धरतात, म्हणून सभासदांच्या सॉफ्टवेअरमध्ये तारखेबरोबर ‘सूर्यास्तानंतर’ हा रकाना असतो. दर गुरुवारी यादी आपोआप छापून निघते. नव्या रब्बींनी ती स्वच्छ, सावकाश, एकही नाव न गाळता वाचली.

त्यात एका निवाशाच्या धाकट्या भावाचं नाव होतं. या निवाशाला इथे अ. म्हणते. अ. उठून बाहेर गेला. कोणाला काही वाटलं नाही. लोक बाहेर जातात, पाणी पितात, परत येतात. जेवणाच्या टेबलावर जुन्या रब्बी माझ्याकडे वाकून म्हणाल्या, “आज त्याच्याजवळ कोण बसलंय?”

“कोणाजवळ?”

त्यांचा चेहरा बघून मी काही विचारलं नाही. गणती केली. एक कमी.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण घरचे लोक नेमके इथेच चुकतात. काही आठवडे काही न घेतलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते; त्याला मात्र आपला जुना डोसच आठवत असतो. तोच डोस जीव घेतो. म्हणून निघून गेलेल्या माणसाला शोधताना ‘येईल रडत’ म्हणून बसायचं नसतं. दोघांच्या जोड्या, प्रत्येकीकडे नालोक्सोनचे, म्हणजे अफूवर्गाच्या ओव्हरडोसवरच्या उताऱ्याचे, ४ मिलिग्रॅमचे दोन स्प्रे. एक नाकपुडीत मारायचा, ९११ या तातडीच्या नंबरला फोन, दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा दुसऱ्या नाकपुडीत. माणूस जागा झाला तरी सोडायचं नाही. औषधाचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि शरीरातली अफू पुन्हा डोकं वर काढते.

स्प्रे लागले नाहीत. रात्रपाळीच्या पोऱ्याला, जो स्वतः आमचाच जुना निवासी, अ. बसथांब्यावर सापडला. हातात फोन होता, नंबर लावलेला नव्हता. पोऱ्या शेजारी बसला आणि काही बोलला नाही. प्रशिक्षणात हे शिकवता येत नाही. परत आल्यावर नियमाप्रमाणे तपासणी. नमुन्याचं तापमान चार मिनिटांच्या आत ९० ते १०० फॅरनहाइटमध्ये हवं, नाहीतर तो नमुना त्याचा नाही असं धरायचं. अफूवर्गाची नेहमीची पट्टी फेन्टानिल हे कृत्रिम द्रव्य पकडत नाही, त्याची वेगळी लावावी लागते. हे अजूनही कित्येक केंद्रांत करत नाहीत. दोन्ही पट्ट्या स्वच्छ.

मग कळलं ते असं. भाऊ शुक्रवारी रात्री ओव्हरडोसने गेला होता. अ. नेच आणलेल्या मालावर. हे त्याने पाचव्या पायरीत बाईंना सांगितलं होतं. या पायरीत आपल्या चुकांचं नेमकं स्वरूप देवाला, स्वतःला आणि दुसऱ्या एका माणसाला सांगायचं असतं, आणि आमच्याकडे तो दुसरा माणूस बहुतेकांसाठी बाईच होत्या. तेव्हापासून दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर त्या त्याच्याजवळ वीसेक मिनिटं बसत. ते नाव त्या यादीत वाचत नसत. नजरेने गाळून पुढे जात. चार्टमध्ये, म्हणजे उपचाराच्या नोंदीत, यातलं अक्षर नाही. माझ्या फाइलमध्येही नव्हतं, कारण त्यांनी मला सांगितलंच नव्हतं.

सोमवारी टीमची बैठक झाली. क्लिनिकल प्रमुख म्हणाले, “चार्टमध्ये नाही म्हणजे उपचारच नव्हता. धोका माहीत असून लपवला.” बाई फोनवर होत्या. “लिहिलं असतं, तर त्याने मला सांगितलंच नसतं.” नवे रब्बी शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, “नाव वाचणं माझं काम होतं. न वाचायचं ते कोणीतरी सांगायला हवं होतं.”

तिघंही बरोबर आहेत, आणि म्हणूनच डोकं फिरतं. कॅलिफोर्नियाच्या पुरावा कायद्यात १०३३ कलम कबुली देणाऱ्याला आणि १०३४ कलम धर्मगुरूला ती कबुली न्यायालयात उघड न करण्याचा हक्क देतं. पण बाई पगारपत्रकावर उपचारटीमच्याही सदस्य होत्या. अभ्यासिकेत दार लावून बसलेल्या त्या रब्बी होत्या की समुपदेशक? इतकी वर्षं हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण दोन्हीचं उत्तर एकाच बाईंच्या डोक्यात होतं. नव्या रब्बींना बोर्डाने फक्त धर्मगुरू म्हणून नेमलं, चार्ट त्यांच्यासाठी बंद. माझ्या मते हे बोर्डाने घेतलेलं एकमेव शहाणं पाऊल. पण त्यामुळे त्या वीस मिनिटांना जागाच उरली नाही: चार्टमध्ये जाता येत नाही आणि रब्बीकडून रब्बीकडेही जाता येत नाही.

बारा पायऱ्यांच्या लोकांनी हा पेच फार आधी ओळखला होता. त्यांच्या संघटनेचे एक संस्थापक बिल विल्सन यांनी १९५५ च्या जुलैत सेंट लुइसच्या अधिवेशनात संघटनेची सूत्रं निवडून आलेल्या परिषदेकडे दिली. संघटनेच्या नियमांतली दुसरी परंपरा सांगते की नेते हे विश्वासू सेवक, राज्य करणारे नव्हेत. पण स्पॉन्सर, म्हणजे संघटनेतला आपला जुना वाटाड्या, बदलता येतो; ज्या बाईंनी तुमच्यासाठी न्यायाधीशाशी भांडण केलं त्यांना कसं बदलणार? पुण्याच्या मुक्तांगणचं उदाहरण मी इथल्या बैठकीत दिलं. १९८६ साली अवचट दाम्पत्याने सुरू केलेलं केंद्र, १९९७ मध्ये डॉ. अनिता अवचट गेल्या, पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते सांभाळलं. इथल्या सल्लागाराने ‘कौटुंबिक मॉडेल’ असं लिहून घेतलं आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. या सल्लागारांना प्रत्येक गोष्टीला मॉडेल लागतं.

ज्यू मंडळ्यांतला संकेत असा की निवृत्त रब्बीने नव्याच्या बोलावण्याशिवाय लग्न, अंत्यविधी करू नयेत आणि काही काळ लांब राहावं. साध्या सिनेगॉगमध्ये ते योग्यच. इथे निवाशांच्या फोनमध्ये बाईंचा नंबर आहे आणि रात्री दोनला तोच लावला जातो. बोर्डाला तो काढून टाकायला हवा आहे. मी विरोध केला. पर्यायी नंबर लोकांच्या बोटांत बसेपर्यंत जुना काढणं म्हणजे स्प्रेचा डबा हलवून नवी जागा न सांगणं.

आता एक पानी फॉर्म केला आहे. निवासी स्वतःच्या हाताने लिहितो की नव्या रब्बींना काय कळलेलं चालेल. खाली भाग २ ची संमती, मुदत, सही. मृताचं नाव वाचायचं की नाही ते विचारून ठरवायचं, म्हणून यार्टसाइटच्या यादीत नावापुढे एक नवा रकाना टाकला. बहुतेकांनी अर्धं पान भरलं. काहींनी तक्रारी लिहिल्या, जेवणाच्या सुद्धा.

अ. ने लिहिलं, “शुक्रवारी कोणीतरी बसा. कारण विचारू नका.”

नवे रब्बी बसतात. गेल्या तपासणीत निरीक्षकाने त्याच फॉर्मवर लाल शेरा मारला: सेवेचं कारण नमूद नाही. क्लिनिकल प्रमुखांचं म्हणणं, कारण लिहा. मी मसुदा केला आहे की सेवा निवाशाच्या लेखी विनंतीवरून दिली जाते. त्यांची सही अजून झालेली नाही.