बोट पाण्यात उतरवण्याआधीची तपासणी: माझा अनुभव

जुनी बोट विकत घेतली आणि ट्रेलरला लावून जलाशयावर गेलो तर उताराच्या तोंडाशीच सरकारी तपासणी, दुसऱ्या पाण्यातून आलेली बोट बघितल्याशिवाय आत सोडत नाहीत. मला वाटलं फॉर्म भरायचा, सही करायची, झालं.

तिथल्या ताईंचा पहिला प्रश्न, ही शेवटची कुठल्या पाण्यात होती आणि किती दिवस झाले? जुन्या मालकाला फोन लावला, तो म्हणाला चार दिवस. त्या तलावाचं नाव ऐकून ताई एकदम गंभीर झाल्या, कारण तिथे झेब्रा शिंपले, म्हणजे बोटीला चिकटून नव्या पाण्यात पसरणारे छोटे पट्टेदार शिंपले, असल्याची नोंद होती. टॉर्च घेऊन त्या सरळ बोटीखाली आडव्या झाल्या. मग म्हणाल्या, दादा, इथे हात फिरवा. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं पण हाताला सॅंडपेपरसारखं खरखरीत लागलं, ते कोवळे शिंपले! कसंतरीच झालं मला, आदल्या दिवशीच मी ती बाजू पुसली होती.

मी जरा वाद घातला. हे शिंपले मूळचे काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या भागातले, जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला जहाजात भरतात ते पाणी) अमेरिकेत गेले, १९८८ मध्ये तिथल्या ग्रेट लेक्स या मोठ्या तलावांकडे सापडले, आणि त्या पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला तरी लागू व्हायला २०१७ उजाडलं, मग अडवायचं मला? ताई शांतपणे म्हणाल्या, समुद्र जहाजांनी ओलांडून दिला, पण या तलावातून त्या तलावात ट्रेलरच नेतात. यावर काय बोलणार, बरोबरच होतं त्यांचं.

सगळ्यात जास्त वेळ गेला आतल्या पाण्यात. तळाचा प्लग काढला तर पाणी आलं, इंजिन खाली केलं तर त्यातूनही आलं, नांगराचा दोर तर पेटीत ओलाच पडलेला. एक मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी घालू शकते, अळ्या डोळ्यांना दिसतच नाहीत आणि अशा उरलेल्या पाण्यात जिवंत राहतात, म्हणून कप्पा न कप्पा उघडायला लावतात. नंतर जवळपास ६० अंशांच्या गरम पाण्याने बाहेरून धुतलं, इंजिनमधूनही गरम पाणी सोडलं.

त्या दिवशी काही बोट उतरली नाही. शिंपले मिटून बसतात आणि गार दमट हवेत पाण्याबाहेर कितीतरी दिवस तग धरतात, त्यामुळे पूर्ण वाळवून परत आणायला सांगितलं. सुट्टी वाया गेली, वाईट वाटलंच, पण एकदा मोठ्या तलावात हे बसले की पाइप बुजवतात आणि मग पूर्ण काढणं जवळपास अशक्य, त्यापुढे माझी सुट्टी काहीच नाही.

दुसऱ्या खेपेला लगेच पास झाली. त्यांनी नोंद केली आणि बाहेर पडताना बोट-ट्रेलरला तारेचं सील लावून दिलं, मध्ये दुसऱ्या पाण्यात नेली नाही याचा तोच पुरावा. ते सील घरी तोडू नका, पुढच्या वेळी तेच लोक काढतात. आणि जुनी बोट घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी प्लग काढून बघा, दोर हातात घेऊन बघा.