कस्तुरी आणि फुटबॉल

रविवारी जेवण झालं की आडवं व्हायचं, हा घरचा नियम. आज लेकीने मोडला. २०२४ च्या वीस वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल लावून बसली. बोगोटा, उत्तर कोरिया विरुद्ध जपान. पंधराव्या मिनिटाला उत्तर कोरियाच्या चोए इल-सनचा गोल, आणि मग शेवटपर्यंत तेवढाच. १-०.

"बाबा, हिला इन्स्टावर शोधलं, सापडतच नाही!"

आता काय सांगू? फोन बाजूला ठेवायला लावला आणि २०११ ची गोष्ट सांगितली. मोठ्यांच्या वर्ल्ड कपमध्ये यांच्या पाच जणी डोपिंगमध्ये सापडल्या. संघाचं म्हणणं, सरावात वीज पडली, म्हणून कस्तुरीमृगाच्या ग्रंथीचं औषध दिलं होतं. लेक हसून लोळली. मला मात्र आजीची सहाण आणि तिच्यावर उगाळलेली मात्रा आठवली. (आमच्या आजीनेही फिफाला हेच पटवून दिलं असतं.) फिफाने ऐकलं नाही, २०१५ च्या वर्ल्ड कपला बंदी.

२०२२ चा महिला आशिया कप मुंबई-पुण्यात झाला, तेव्हाही या आल्या नाहीत. तीनदा जिंकलेला कप! बालेवाडी आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. ती हळहळ अजून आहे.

चहा झाला. लेकीने पुन्हा पंधरावं मिनिट लावलंय.