मूळचं कोल्हापुरी

कोल्हापुरात नवा माणूस भेटला की नावानंतर लगेच प्रश्न येतो, "गाव कुठलं?" कोल्हापूर म्हटलं तरी सुटका नाही. "ते झालं हो, पण मूळचं?" मग कागल, गडहिंग्लज, फार तर निपाणीपर्यंत मागं जावं लागतं. विचारणाऱ्याची एखादी मावशी हमखास तिथंच दिलेली असते, आणि पुढची पंधरा मिनिटं तिच्यावर जातात.

हल्ली मला हा प्रश्न वस्तूंनाही विचारावासा वाटतो. उत्तरं भलतीच मिळतात. जिच्या जोरावर आपण पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी काढतो ती मिरची मुळात अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांबरोबर इकडं आलेली. मिसळीतला बटाटाही तिकडचाच. अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्याच्या नावात जयपूर आणि अत्रौली, दोन्ही गावं उत्तरेतली. गाणं मात्र शाहू महाराजांच्या आश्रयानं इथं रुजलं. आणि खुद्द शाहू महाराज? दत्तक आलेले, कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव.

पण माझा लाडका परगावचा माणूस टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. वीतभरही उंची नसलेला, काशाचा, रोमन घडणीचा पोसायडन. ब्रह्मपुरीच्या टेकाडात तो 1940 च्या दशकात सापडला. समुद्राचा देव, आणि मुक्काम पंचगंगेच्या काठी. मध्ये अख्खा सह्याद्री! दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार चाले. कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून वर येई, त्यातच हाही आला असावा. ज्यानं घेतला त्यानं त्याला पुजला, की शोभेला कोनाड्यात ठेवला? बैलाच्या पाठीवरच्या गोणीत बसून घाट चढणारा दर्यादेव डोळ्यांपुढं आला की मला हसूच येतं. संग्रहालयात गेलेली बरीच मंडळी तलवारी-बंदुका बघून बाहेर पडतात, हे मात्र बरं नव्हे.

रोमची उसनवारी तेवढ्यावर थांबली नाही. 1902 मध्ये शाहू महाराज युरोपला गेले, रोमचं कलोसियम पाहून आले आणि त्या धर्तीवर खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. मैदान रोमचं, माती आपली, आणि तिच्यात झुंजायला पार पंजाबातून मल्ल येत.

इटलीला आपणही काही दिलं, पण ते आनंदानं नव्हे. 1870 मध्ये इंग्लंडहून परतताना छत्रपती राजाराम महाराज फ्लॉरेन्समध्ये वारले. वय जेमतेम वीस. शव जाळण्याची रीत तिथं नव्हती; खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. परक्या मुलखातही मंडळींनी संगमच शोधला, याचं मला फार वाटतं. तिथं 1874 मध्ये छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांच्या टाउन हॉलमध्ये आपला पोसायडन राहतो त्यांचाच! पुढं जवळच मोटारींचा मोठा पूल झाला, त्याला फ्लॉरेन्सकर 'हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाच्या नावानं ओळखतात. आता त्यांना कुणी सांगायचं, की हे महाराजसुद्धा दत्तकच, जन्मानं पाटणकर!