कोलंबसकर पाहुणे आणि नोव्हेंबरातला शनिवार

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरमध्ये घर असलं की नातेवाईक उन्हाळ्यात येतात आणि मित्र अमेरिकन फुटबॉलच्या दिवसांत. मॅचच्या शनिवारी इथली हॉटेलं असा काही भाव सांगतात की ऐकणारा फोन ठेवतो आणि लगेच मला लावतो. गावची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आणि मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. म्हणजे मॅचच्या दिवशी एका गावात दुसरं गाव येऊन बसतं. त्यातली चार माणसं माझ्याकडे उतरली तर तक्रार कसली?

२०२३ च्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आलेले हे चौघे म्हणजे दोन जोडपी. पुण्यात होस्टेलवर आम्ही तिघं एकाच मजल्यावर होतो. एक आता न्यू जर्सीत एडिसनला आहे. दुसरा ओहायोत कोलंबसला; एमएसही त्याने तिथेच, ओहायो स्टेटमध्ये केलं. आमच्या ग्रुपमध्ये ते एडिसनकर आणि कोलंबसकर याच नावांनी ओळखले जातात. गोम अशी, की त्या शनिवारची, २५ नोव्हेंबरची मॅच मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेटच होती. वर्षभर इथे जिला नुसतं 'द गेम' म्हणतात, ती. दोन्ही संघ अकरापैकी अकरा जिंकून आलेले. आणि शत्रुपक्षाचा माणूस तीन तास गाडी चालवून माझ्याच गेस्टरूममध्ये झोपायला येणार होता.

"तिकिटं तू काढ, शिव्या मी घालतो," असं त्याने सप्टेंबरातच सांगून ठेवलं होतं. तिकिटांचा आकडा इथे लिहीत नाही. ही पोस्ट बायकोही वाचते.

गुरुवारी संध्याकाळी कोलंबसकर दारात उभा राहिला तो लाल टोपी घालूनच. पहिलं वाक्य, "वहिनी, चोरांच्या गावात आलोय, पाकीट कुठे ठेवू?" यामागचा संदर्भ असा: प्रतिस्पर्धी संघांच्या खेळाच्या खुणा आधीच टिपून ठेवल्याच्या आरोपावरून तेव्हा मिशिगनची चौकशी चालू होती. बिग टेन या लीगने प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना तीन सामन्यांसाठी मैदानाबाहेर ठेवलं होतं आणि हा त्यातला तिसरा सामना. त्यांच्या जागी शेरोन मूर संघ सांभाळत होते. माझ्याकडे उत्तर तयार होतं. आदल्याच शनिवारी मिशिगनने आपला हजारावा विजय मिळवला होता आणि कॉलेज फुटबॉलमध्ये तोवर दुसऱ्या कोणत्याही संघाला ते जमलेलं नव्हतं. बायको म्हणाली, "आधी हात धुवा दोघांनी."

शुक्रवारी गाव दाखवायला निघालो. पाहुण्यांना गाव दाखवताना मी इमारतींवर फार वेळ घालवत नाही. ॲन आर्बरची खरी ओळख खाण्यात आणि पायी भटकण्यात आहे. डेट्रॉईट स्ट्रीट या विटांच्या रस्त्यावर झिंगरमन्सचं दुकान आहे, १९८२ पासूनचं. तिथल्या सँडविचची किंमत पाहून एडिसनकराने आधी डोळे मोठे केले, मग निम्मं खाल्ल्यावर गप्प झाला. तिथून स्टेट स्ट्रीटवर, मिशिगन युनियनच्या पायऱ्यांवर. १४ ऑक्टोबर १९६० ला पहाटे दोनच्या सुमारास जॉन केनेडी याच पायऱ्यांवर विद्यार्थ्यांशी बोलले आणि त्यातूनच पुढे पीस कोअर या स्वयंसेवक संस्थेची कल्पना उभी राहिली. कॅम्पसच्या मधल्या चौकात, ज्याला सगळे डायॅग म्हणतात, जमिनीत पितळेचा मोठा 'एम' बसवला आहे. पहिल्या परीक्षेआधी त्यावर पाय पडला तर नापास, अशी इथल्या पोरांची समजूत. कोलंबसकर त्यावर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला आणि फोटो काढून घेतला. त्याच्या कॉलेजात या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवरचे सगळे 'एम' लाल पट्ट्या मारून झाकतात, तेव्हा हा त्याचा सौम्य अवतारच म्हणायचा.

चालता चालता दोन्ही वहिनींना मी जानकी अम्मल यांच्याबद्दल सांगितलं. उसाच्या संकरावर पुढे कोइमतूरला काम करणाऱ्या या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई बार्बर शिष्यवृत्तीवर इथे शिकल्या आणि १९३१ मध्ये इथूनच डॉक्टरेट घेऊन गेल्या. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या माणसांनी या कॅम्पसवर हे नाव एकदा तरी घ्यावं, असं मला वाटतं. एडिसनकर वहिनी कोल्हापूरच्या. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "पण हे लोक ओहायोवर एवढे चिडलेले का?"

चिडण्याचं मूळ फुटबॉलपेक्षा जुनं आहे. मिशिगन अजून राज्य झालेलं नव्हतं, तेव्हा टोलेडो शहर आणि त्याच्या आजूबाजूचा पट्टा कोणाचा, यावरून १८३५ साली दोन्हीकडची फौज सीमेवर उभी राहिली. गोळ्या झाडल्या गेल्या त्या बहुतेक हवेत. एका डेप्युटी शेरीफला पेनचाकू लागला, एवढाच काय तो रक्तपात. शेवटी वॉशिंग्टनने टोलेडो ओहायोला दिलं आणि मिशिगनला भरपाई म्हणून वरच्या द्वीपकल्पाचा मोठा भाग. बर्फाळ, दूरचं, नको असलेलं जंगल म्हणून लोक बोटं मोडत होते. १८३७ मध्ये मिशिगन राज्य झालं आणि पुढे त्याच जंगलात तांबं आणि लोखंड सापडलं. "म्हणजे यांचं बेळगाव," वहिनी म्हणाल्या. बरोबर, फक्त यांच्याकडे निकाल लागला आणि भांडण मैदानात गेलं. पहिली मॅच १८९७ मध्ये झाली. १९६९ ते १९७८ ही दहा वर्षं तर मिशिगनचे बो शेंबेक्लर आणि ओहायो स्टेटचे वुडी हेज या दोन प्रशिक्षकांच्या वैराची म्हणून 'दहा वर्षांचं युद्ध' याच नावाने ओळखली जातात. पेट्रोल संपत आलं तरी मिशिगनमध्ये एक थेंब भरणार नाही, वेळ पडली तर गाडी ढकलत ओहायोत नेईन, असं वुडी हेज म्हणाले होते अशी आख्यायिका आहे. कोलंबसकर ती पुराणातल्या गोष्टीसारखी सांगतो.

शनिवारची मॅच दुपारी बाराची, म्हणजे आमची सकाळ पाचला. बाराच्या मॅचला यजमानाचे हाल जास्त. संध्याकाळच्या मॅचला निदान झोप तरी होते. रात्रीच मटकीची उसळ करून ठेवली होती, कट वेगळा, फरसाण वेगळं, कांदा चिरून डब्यात. पाव म्हणून इथे हवाईयन रोल चालवून घ्यावे लागतात, जरा गोड असतात. चहाचे दोन मोठे थर्मास. स्टेडियमसमोर पायोनियर हायस्कूल आहे, त्याच्या पार्किंगमध्ये टेलगेटसाठी जागा मिळते. न मिळाली तर आसपासच्या घरांची अंगणं आहेतच. लोक हातात पुठ्ठ्याची पाटी घेऊन रस्त्यावर उभे असतात आणि हिरवळीवर गाड्या लावून घेतात. विद्यापीठाचं गोल्फचं मैदानसुद्धा या दिवशी वाहनतळ होतं, हे गोल्फवाल्यांना सांगितलं की ते कळवळतात.

टेलगेट म्हणजे गाडीची डिकी उघडून तिथेच जेवणावळ घालणं. गॅसच्या शेगड्या, भाजणारी सॉसेजेस, जनरेटरवर चालणारे टीव्ही, लाकडी फळीच्या भोकात पिशव्या टाकायचा कॉर्नहोल नावाचा खेळ, पिवळ्या-निळ्या तंबूंच्या रांगा. आणि बिअर, सकाळी आठला. आमची मिसळ सुरू झाल्यावर शेजारच्या तंबूतले एक आजोबा डोकावले. त्यांनी रस्सा चाखून बघितला, पाणी प्यायले, मग फरसाणाची पिशवी मागून घेतली आणि आपल्या चिलीच्या वाटीवर मूठभर पसरलं. पुढे तासभर त्यांच्या तंबूतून माणसं वाट्या घेऊन फरसाणासाठी येत होती. लाल टोपीवाल्याला मात्र प्रत्येकाने काही ना काही ऐकवलं. एक बाई तर त्याला गरम चॉकलेट देऊन म्हणाल्या, "बाळा, तुला आज याची गरज पडेल." तोही हसून घेत होता. या दिवसाचा तो रिवाजच आहे. टोमणा मारायचा आणि ताटही वाढायचं.

आत जाताना एक गोष्ट पाहुण्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवावी: त्या वर्षी पर्स, पिशवी, थर्मास काहीही आत नेऊ देत नव्हते. मी सांगितलं होतं, तरी एडिसनकर वहिनींची पर्स खांद्यावर होतीच. गेटवरून गाडीपर्यंत परत.

बाहेरून हे स्टेडियम फार मोठं दिसत नाही आणि पहिल्यांदा येणारा माणूस तिथेच फसतो. त्याचा बराचसा भाग जमिनीखाली आहे. तुम्ही दारातून आत येता ते जवळजवळ वरच्या कडेला, आणि एकदम पायाखाली खोल हिरवं मैदान, चहूबाजूंनी माणसंच माणसं. विद्यापीठाचे तेव्हाचे क्रीडा संचालक फील्डिंग योस्ट यांच्या हट्टाने १९२७ मध्ये ते बांधलं गेलं. पुढे एक लाखावर माणसं बसवता येतील असा पाया त्यांनी तेव्हाच घालून घेतला. क्षमतेच्या आकड्याच्या शेवटी असलेला एक म्हणजे जुने प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांच्या नावाची जास्तीची जागा. ती नेमकी कुठली, ते गुपित. त्या दिवशी एक लाख दहा हजारांवर माणसं होती. तीन वानखेडे भरून उरतील एवढी, आणि बसायला ॲल्युमिनियमचे बाक, ज्यांवर नुसते आकडे रंगवलेले. जाड जॅकेटं घातल्यावर त्या आकड्यांना अर्थ उरत नाही. माझ्या एका बाजूला एडिसनकर, दुसऱ्या बाजूला एक अनोळखी गुडघा.

मग बँड आला. पुढचा ड्रम मेजर मागे इतका वाकतो की टोपीचा तुरा जमिनीला लागतो. त्याचा तुरा टेकला की लोक ओरडतात. १८९८ मध्ये लुई एल्बेल या विद्यार्थ्याने शिकागोवरच्या विजयानंतर लिहिलेलं विजयगीत वाजलं आणि लाखभर मुठी 'हेल' म्हणत एकदम वर गेल्या. एडिसनकराची मूठही गेली. कोलंबसकर म्हणाला, "फितूर."

खेळ समजावून सांगायला मी दोनच वाक्यं वापरतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर नवे चार प्रयत्न. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण, वर पायाने मारून एक, आणि तिथवर पोचता येत नसेल तर लांबून किक मारून तीन. बाकी सगळं शेजारचे लोक ओरडून शिकवतात. साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास चालतो. टीव्हीच्या जाहिरातींसाठी लाल आस्तिनाचा एक माणूस मैदानात येऊन उभा राहतो आणि सगळे गोठत थांबतात. याला कंटाळा येतो असं म्हणणाऱ्यांनी पाच दिवसांची कसोटी पाहिलेली असते, तेव्हा मी वाद घालत नाही.

चारपैकी पहिल्या भागात मिशिगनच्या विल जॉन्सनने ओहायोचा पास मधेच पकडला आणि त्यातून मिशिगनचे पहिले सहा गुण आले. मध्यंतराला १४-१०. तिसऱ्या भागात १७-१७ झालं आणि नेमकं तेव्हाच मिशिगनचा झॅक झिंटर, क्रमांक ६५, पाय मोडून पडला. दोन्ही संघांचे खेळाडू गुडघ्यावर बसले. गाडीवरून त्याला नेताना लोक त्याच्या नावाचा घोष करत होते. कोलंबसकराने टोपी काढून हातात घेतली होती. त्यानंतरच्या पहिल्याच खेळीत ब्लेक कोरम चेंडू घेऊन बावीस यार्ड थेट रेषेपलीकडे गेला आणि बोटांनी सहा आणि पाच दाखवले. मी या स्टेडियममध्ये बरेच सामने पाहिले आहेत, पण त्या मिनिटाचा आवाज मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. बाक हलत होते, एवढंच सांगतो.

शेवट ताणलेलाच. ३०-२४, एका मिनिटाच्या आसपास वेळ, आणि ओहायोकडे चेंडू, तो हळूहळू आमच्याकडे सरकत येणारा. कोलंबसकर उभा राहून मराठीत ओरडत होता. आजूबाजूच्यांना कळत नव्हतं हे बरंच. पंचवीस सेकंद उरली असताना मिशिगनच्या रॉड मूरने ओहायोचा पास मधेच पकडला. खेळ संपला. पोरं कठडे ओलांडून मैदानात उतरली आणि हिरवळ दिसेनाशी झाली. मिशिगनचा ओहायोवर हा सलग तिसरा विजय. एडिसनकर, ज्याला सकाळपर्यंत टचडाउन माहीत नव्हता, तो एका अनोळखी माणसाच्या गळ्यात पडला होता.

लाखभर माणसं एकदम बाहेर पडतात तेव्हा गाडी काढण्याच्या नादी लागू नये. आम्ही पुन्हा तंबूपाशी आलो, उरलेला चहा गरम केला. मघाच्या बाईंनी कोलंबसकराला आणखी एक चॉकलेट दिलं. त्याने ते घेतलं आणि अतिशय गंभीरपणे आमच्या पंचांचा उद्धार केला. घरी पोचायला अंधार झाला. रात्री मटणाचा रस्सा होता. दुसरी वाटी घेताना तो म्हणाला, "हे चोरीचं नाहीये ना?"

यजमानांसाठी एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. अशा वीकेंडला सकाळी सहाच्या आधी पाहुण्यांना उठवण्याचं काम बायकोकडे द्यावं. मित्राला मित्र उठवू लागला की पुन्हा होस्टेल सुरू होतं. आणि रविवारी काही ठरवू नये. आम्ही रविवारी दुपारपर्यंत टेबलाशीच बसलो होतो. ८ जानेवारीला मिशिगनने ह्यूस्टनला वॉशिंग्टन विद्यापीठाचा ३४-१३ असा पराभव करून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. त्या रात्री कोलंबसकराचा फोन आला, अभिनंदन अर्ध्या मिनिटात उरकलं. नंतरचा पाऊण तास आम्ही एकाच विषयावर बोललो: पुढची मॅच कोलंबसला, तेव्हा त्याच्या घरी गेस्टरूम कोणाला मिळणार आणि हॉलमधल्या सोफ्यावर कोण झोपणार.