‘अमेझिंग कंटेंट, ताई!’

मी विकते त्या गोडा मसाल्याचा रील टाकला की लगेच खाली कमेंट: ‘अमेझिंग कंटेंट!’ एवढ्यात तर व्हिडिओतलं दगडफूलही भाजून झालेलं नसतं. हे बॉट आहेत, म्हणजे आपोआप कमेंट टाकणारे प्रोग्राम, शेंबडं पोरही सांगेल. भाचा म्हणतो, ‘मावशी, असू देत, रीच वाढतो.’ वाढो बापडा. पण ‘मिरची कमी घालून द्याल का?’ विचारणारं खरं गिऱ्हाईक त्या गर्दीत सापडत नाही.

भाच्याशी खरा वाद आहे तो विकतच्या कौतुकावरून. जाहिरात असेल तर तसं लेबल लावा, असं ॲस्की ही जाहिरातदारांचीच संस्था २०२१ पासून सांगते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानंही बजावलं: नुसते पैसेच नाही, फुकटची वस्तू किंवा हॉटेलातला मुक्काम मिळाला तरी सांगा, आणि हॅशटॅगांच्या ढिगात लपवू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. तरी ‘मनापासून आवडलं’चा सुकाळ आहेच.

मी रीलवाल्यांना पाकीट पाठवते तेव्हा आत चिठ्ठी असते: ‘हे भेट आलंय असं सांगणार असाल तरच बोला.’ काहीजणींनी मग रीलच केला नाही. मसाला मात्र कुणी परत पाठवला नाही.