वाटेत टॉयलेट आहे का? बस, रेल्वे, बोट आणि विमान: एका धास्तीखोर प्रवासाचा वृत्तांत

काय पाहिलं, कुठे राहिलो, फोटो कसे आले, हे यात फारसं सापडणार नाही. सहलीचा विषय निघाला की ज्यांच्या पोटात सगळ्यात आधी "वाटेत टॉयलेट असेल ना?" म्हणून गोळा येतो, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मीही त्यांच्यातलीच. आमचा मार्ग असा होता: दिवसभराची बस, मग रात्रीची रेल्वे, एका जुन्या शहरात मुक्काम, तिथून बोटीने पलीकडच्या काठावर, वर डोंगरात गाडीने आणि परतताना विमान. बरोबर नवरा आणि नणंद.

माझा त्रास दुहेरी आहे. लघवीची घाई जुनीच, आणि टेन्शन आलं की पोटही ढवळतं. डॉक्टरांकडे तपासण्या झाल्या आहेत, घाबरण्यासारखं काही निघालेलं नाही. तुमच्या तपासण्या झाल्या नसतील तर बॅग भरण्याआधी ते करा. लघवीला जळजळ, लघवीतून किंवा शौचातून रक्त, ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, सारखी तहान आणि सारखी लघवी, यातलं काहीही असेल तर ती धास्ती म्हणून सोडून देऊ नका.

निघण्याआधी मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका साध्या हिशेबाचा. नेहमीसारखं पाणी पिणाऱ्या माणसाच्या मूत्राशयात तासाला साधारण 50 ते 100 मिली लघवी जमते. 150 ते 250 मिलीच्या आसपास पहिली जाणीव होते आणि निरोगी मोठ्या माणसाचं मूत्राशय 400-500 मिली सहज धरतं. म्हणजे बस सुटायच्या आधी जाऊन आल्यावर पाव तासात पुन्हा "लागली" असं वाटलं, तर आत जेमतेम 25 मिली असणार. एका कपातसुद्धा तळाशीच राहील एवढं. ही जाणीव खोटी नसते, पण ती भरल्याची नसते. हा हिशेब मी कागदावर लिहून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला होता आणि बसमध्ये तो खरंच काढून वाचला.

आपण सगळे हमखास दोन उपाय करतो आणि दोन्ही उलटतात. पहिला म्हणजे पाणीच न पिणं. लघवी घट्ट आणि गडद झाली की ती मूत्राशयाला टोचते, शिवाय बद्धकोष्ठ होऊन भरलेलं आतडं मूत्राशयावरच दाबतं. घोट घोट पाणी पीत राहायचं, एकदम बाटली संपवायची नाही आणि चहा-कॉफी निघण्याआधी कमी करायची, कारण कॅफिनने लघवी वाढते आणि घाईही वाढते. दुसरा उपाय म्हणजे "नसली लागली तरी जाऊन ये." निघताना एकदा ठीक आहे. पण दर थांब्यावर, दर वीस मिनिटांनी गेलं की मूत्राशयाला थोड्यावरच हाक मारायची सवय लागते. ती सवय मोडायला वेळ लागतो. घरी असताना घाई लागली की आधी पाच मिनिटं, मग दहा, मग पंधरा असं लांबवत जायचं. डॉक्टर याला सहसा सहा ते बारा आठवडे देतात, त्यामुळे तिकीट काढलं त्याच दिवशी सुरू करा, आदल्या रात्री नाही.

पोटाचं वेळापत्रक वेगळं. खाल्लं की मोठं आतडं हलायला लागतं, आणि सकाळी हे सगळ्यात जोरात होतं. म्हणून बस सातची असेल तर सहा पन्नासला नाश्ता करून धावत सुटणं म्हणजे संकटाला आमंत्रण. मी साडेचारला उठले, पाचला खाल्लं, गरम पाणी प्यायले आणि पुढचा दीड तास घरात निवांत राहिले. झोप गेली, पण दिवस वाचला. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी डॉक्टरांना विचारून जवळ ठेवली होती. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर ती परस्पर घ्यायची नाही.

आता बस. आमच्या बसमध्ये टॉयलेट नव्हतं. तिकीट काढताना "मध्ये थांबते का?" असं विचारलं तर "थांबते की" एवढंच उत्तर येतं आणि त्याचा काही उपयोग होत नाही. पहिला थांबा किती वाजता, किती मिनिटं, त्यानंतरचा कधी, असं विचारा. हे कागदावर आलं की अख्ख्या दिवसाची भीती दोन-अडीच तासांच्या तुकड्यांत मोडते. सीट पुढची, वाटेकडची घ्या. आणि बस सुटायच्या आधी ड्रायव्हरशी बोला. मला हे बोलणंच सगळ्यात जड जातं, पण बोलले.

"दादा, मला जरा त्रास आहे. मध्येच थांबवा म्हटलं तर थांबवाल ना?"

"थांबवू की ताई. फक्त पाच मिनिटं आधी सांगा, म्हणजे जागा बघून गाडी बाजूला घेता येते."

त्यांना यात काही विशेष वाटलं नाही. त्यांना रोज कुणी ना कुणी हे सांगतच असणार.

थांबा अर्ध्या तासावर असताना वाहतूक तुंबली. पुढे ट्रकची रांग, इंजिन बंद, लोक खाली उतरून बघायला लागले. आणि मला जोराची लागली. हिशेबाप्रमाणेही लागण्यासारखी होती, दोन तास होत आले होते. इथे जे केलं ते नीट सांगते, कारण फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं हेच तंत्र पूर्ण प्रवासात कामी आलं.

घाई ही लाटेसारखी येते: चढते, टोकाला पोचते आणि मूत्राशय फुटेपर्यंत भरलेलं नसेल तर उतरते. चूक होते ती टोकावर असताना उठून धावल्याने. म्हणून आधी हलायचं नाही. पाय जमिनीवर टेकवून ताठ बसले. लघवी मध्येच अडवताना जे स्नायू आवळतो ते पटपट आवळून सोडले, पाच-सहा वेळा. हे स्नायू आवळले की मूत्राशयाच्या स्नायूला आपोआप सैल पडण्याचा निरोप जातो, नुसता मनाचा खेळ नाही तो. पोट आणि खांदे मात्र सैल ठेवायचे. आपण भीतीने नेमकं उलटं करतो, पोट आवळतो आणि दाब वाढवतो. मग शंभरातून सात वजा करत गेले. 93, 86, 79… 51 च्या पुढे कुठेतरी चुकले आणि लाट उतरली होती. नंतर ती पुन्हा आली, पुन्हा उतरली. ट्रक हलले. थांब्यावर उतरून मी चालत गेले, पळत नाही. दाराची कडी दिसताच घाई दुप्पट होते, हे ठाऊक असेल तर तिथेही एकदा थांबून आवळायचं आणि मग पुढे जायचं.

मधल्या काळात नवऱ्याने ते वाक्य टाकलंच: "अगं, आत्ताच तर जाऊन आलीस!" बरोबरच्यांनी हे वाक्य कृपा करून गिळावं. त्याने घाई कमी होत नाही, फक्त पुढच्या वेळी बाई सांगायची थांबते. नणंद जास्त शहाणी. "वहिनी, मी दाराशी उभी आहे, सावकाश या," एवढंच म्हणाली. कुणीतरी एकाला आधीच विश्वासात घेऊन ठेवा. सगळ्या ग्रुपला सांगायची गरज नाही.

थांब्यावरच्या टॉयलेटबद्दल: कडी अर्धीच लागत होती, दिवा नव्हता, पिशवी टांगायला खुंटी नव्हती आणि फरशीवर पाणी. याला तोंड द्यायला माझ्या पिशवीत इंग्रजी एस आकाराचा हूक होता, तो दाराच्या वरच्या कडेला अडकवला आणि पर्स त्यावर. डोक्याला लावायचा छोटा टॉर्च असला की दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाइल तोंडात धरून बसायची वेळ येत नाही. टिश्यू, सॅनिटायझर, साबणाचे कागद, सुटी नाणी, एक जादा सलवार. बायकांसाठी उभ्याने लघवी करता येईल असं सिलिकॉनचं नरसाळं मिळतं. ते घ्याच, पण आधी घरच्या बाथरूममध्ये सराव करा, आडोशाला पहिल्यांदा काढून शिकायची ती वस्तू नाही. शोषून घेणारं पॅड मी बसमध्ये लावलं होतं आणि ते कोरडंच राहिलं. पहिल्या मोठ्या प्रवासाला जरूर लावावं. मात्र प्रत्येक वेळी त्याच्याशिवाय पाऊल उचलेनासं झालं, तर तेही भीतीलाच खतपाणी घालतं, म्हणून परतीच्या विमानात मी ते मुद्दाम लावलं नाही.

रेल्वेबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि तेच गमतीचं आहे. डब्याच्या दोन्ही टोकांना टॉयलेट होती, तर मला रात्रभर लागलीच नाही. तेच मूत्राशय, तेच पाणी. तुमचंही असंच होत असेल, म्हणजे टॉयलेट जवळ असताना तासन्‌तास आठवणही येत नसेल, तर त्रासातला बराच भाग भीतीचा आहे हे स्वतःशी मान्य करायला हा चांगला पुरावा आहे. सकाळी मात्र रांग लागते. लोक उठायच्या आधी उरकून घ्या.

शहरात फिरताना नकाशा लागतो. ओपनस्ट्रीटमॅपवर लोक सार्वजनिक टॉयलेट नोंदवतात, पैसे पडतात का, व्हीलचेअर जाते का, हेसुद्धा. तो भाग आधीच मोबाइलवर उतरवून ठेवला, कारण नेमकं हवं तेव्हा नेटवर्क नसतं. नकाशावरचं टॉयलेट कुलूपबंद निघू शकतं, म्हणून दर टप्प्याला दोन जागा हेरून ठेवायच्या. संग्रहालय, मोठं वाचनालय, रेल्वे स्टेशन, मोठ्या हॉस्पिटलचा तळमजला, हॉटेलची लॉबी: इथे सहसा अडचण येत नाही. ऑस्ट्रेलियात सरकारनेच देशभरच्या सार्वजनिक टॉयलेटांचा नकाशा ठेवला आहे. असं सगळीकडे का नसावं, कळत नाही.

दुकानात विचारायची वेळ आली तर "इथे टॉयलेट आहे का?" असं विचारू नका, "नाही" हे उत्तर तोंडावर तयार असतं. "मला मेडिकल त्रास आहे, तुमचं टॉयलेट वापरू द्याल का?" असं म्हणा. मी दोनदा असं विचारलं. एकाने आत नेलं, दुसऱ्याने समोरच्या इमारतीतलं दाखवलं. भाषा येत नसेल तिथे हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि दाखवा. आतड्याचे आजार असणाऱ्यांसाठी काही देशांत रुग्णसंघटना अशी कार्डंच देतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात तर अशा रुग्णांना दुकानातलं टॉयलेट वापरू द्यावं म्हणून 2005 मध्ये कायदाच झाला. क्रोन्स हा आतड्याचा आजार असलेल्या ॲली बेन या मुलीला एका दुकानाने टॉयलेट वापरू दिलं नव्हतं, तिथून ती मोहीम उभी राहिली. विचारायला लाज वाटली की मला ती पोरगी आठवते.

बोट लहान होती आणि तिच्यात सोय नव्हती. धक्क्यावर जाऊन आले, पलीकडच्या धक्क्यावर टॉयलेट आहे हे तिकीटवाल्याकडून पक्कं केलं आणि बसले. लाट एकदा आली, उतरली. बस्स.

डोंगरावर वेगळंच कळलं. थंडीत लघवी जास्त होते: कातडीकडचं रक्त आत वळतं आणि मूत्रपिंडं जादा पाणी बाहेर टाकतात. खूप उंचावर गेल्यावरही सुरुवातीला असं होतं. तेव्हा तिथे वारंवार लागली तर त्रास वाढला असं समजून घाबरू नका, आणि पाणी तर मुळीच तोडू नका. दिवसभर बसून प्रवास केल्यावर रात्री सारखं उठावं लागतं, त्यालाही कारण आहे. पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं. मुक्कामाला पोचल्यावर झोपायच्या बऱ्याच आधी अर्धा-पाऊण तास पाय वर करून पडले, तर रात्र बरी गेली.

विमानाची धास्ती खुर्चीच्या पट्ट्याच्या दिव्यामुळे असते. चढताना आणि उतरताना उठता येत नाही, हवा खराब असेल तर मधेही नाही. म्हणून गेट उघडायच्या सुमाराला जाऊन या, रांगेत उभं राहण्याआधी. वाटेकडची सीट आधीच निवडा. खाणं वाटून झालं की सगळे एकदम उठतात, त्यामुळे ट्रॉली यायच्या आधी जा. उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी पट्ट्याचा दिवा लागतो, म्हणून त्याच्याही दहा-पंधरा मिनिटं आधी शेवटची फेरी. चुकलीच, तर हवाई सुंदरीला हळू आवाजात सांगा. उठू देतील असं नाही, पण दिवा विझला की पहिला नंबर तुमचा लागतो. उतरल्यावर समोर दिसणाऱ्या पहिल्या टॉयलेटला अख्खं विमान रांग लावतं. थोडा दम धरवत असेल तर पुढे चालत राहा, आम्हाला सामानाच्या पट्ट्याजवळचं जवळजवळ रिकामं मिळालं.